मधलं कायतरी गेलं रं

श्रावण लागला की आमच्या गावात मारुतीच्या देवळात पोथी लागायची. बहुतेक वर्षी हरिविजय, एखाद्या वर्षी पांडवप्रताप. लाल बासन सोडून पोथी पाटावर ठेवायची, शेजारी समई, आणि समोर घोंगड्यांवर बसलेला गाव. दिवसभर खुरपून आलेल्या बाया भिंतीला पाठ टेकून बसायच्या. एक जण ओवी वाचायचा, दुसरा तिचा अर्थ सांगायचा. वाचणारे आमच्याच गल्लीतले एक आजोबा होते. मी चौथीत असताना त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि ते काम फिरत फिरत माझ्याकडे आलं. पोराचा आवाज खणखणीत आहे, असं आमच्या गुरुजींनी कुणाला तरी सांगितलं होतं.

हरिविजयाचे ३६ अध्याय. श्रीधरस्वामींनी १७०२ साली पंढरपुरात हा ग्रंथ पुरा केला. हे सगळं मला पुढे कळलं. तेव्हा कळत होतं ते एवढंच, की ओव्या संपता संपत नाहीत. पोथीत ओव्या कवितेसारख्या ओळी मोडून छापलेल्या नसतात. एकीला एक लागून, मध्ये फक्त आकडा. डोळा जरा घसरला की वरच्या ओळीवरून थेट खालच्या ओळीवर. एका रात्री मला फार झोप येत होती. मी मुद्दाम एक ओळ ओलांडली आणि त्याच आवाजात पुढे वाचत राहिलो. कुणाच्या लक्षात येणार होतं?

भिंतीकडून माझ्या आजीचा आवाज आला. "थांब रं. मधलं कायतरी गेलं."

माझ्या आजीला अक्षर म्हणून येत नव्हतं. रेशनच्या दुकानात ती अंगठा द्यायची. तिला तो अध्याय पाठ होता असंही नाही. मी मागे जाऊन गाळलेली ओळ वाचली, ती म्हणाली, "हां, आता बसलं," आणि पुढे कुणीच काही बोललं नाही.

तिला कसं कळलं, हे मला डी.एड.ला ओवीचा साचा शिकताना उमगलं. ओवीचे साडेतीन चरण. पहिल्या तिघांना एकच यमक आणि चौथा आखूड, सुटा. दोन यमकं झाली की कान तिसऱ्याची वाट बघतो आणि मग चौथ्यावर टेकतो. मी ओळ गाळल्यावर तिसरं यमक आलंच नाही. पन्नासएक श्रावण ऐकलेला तो कान रिकाम्या जागी अडखळला. तिच्या डोळ्यांना जे कधी जमलं नाही, ते कानांनी पुरतं आत्मसात केलं होतं. ओवीचा साचा, लांब वाक्याचा तोल, क्रियापद कुठे येणार याचा अंदाज, 'तंव', 'जैसा', 'तयासी' हे बोलण्यात कधीच न येणारे शब्द, सगळं तिच्याकडे होतं. अक्षरं तेवढी नव्हती.

मी आता बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका वस्तीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. दोन शिक्षकी शाळा. तिसरी आणि चौथी माझ्याकडे, एकाच खोलीत. माझ्यासमोर रोज जी मुलं बसतात ती आजीच्या नेमकी उलटी आहेत. त्यांच्याकडे अक्षरं आहेत. बाराखडी घोकून आणतात, जोडाक्षरं फोडून दाखवतात. पण 'तेवढ्यात' हा शब्द वाचून झाला की मान वर करून बघतात. आता पुढे काहीतरी घडणार आहे, हे त्या शब्दानं त्यांना सांगितलेलंच नसतं. कारण 'तेवढ्यात' असं म्हणून त्यांना कुणी कधी गोष्ट सांगितलेली नसते.

पहिलीचं पुस्तक घ्या. मुलाला चार अक्षरं आली की वाक्य येतं ते 'कमळ बघ', 'घर बघ' असलं. त्याला पर्याय नाही. चार अक्षरांत वाक्य करायचं तर तेवढंच होणार, आणि पुस्तकं करणाऱ्यांचा त्यात काही दोष नाही. पण ते वाचणारं मूल सहा वर्षांचं असतं. त्याच्या डोक्यात साप, भुतं, आजोबांचं मरण, शेजारच्या गाईला झालेलं वासरू, इतकं सगळं असतं. ते आणि 'कमळ बघ' यांच्यात केवढं अंतर! काना, मात्रा, रफार, 'ऱ्या', 'ष्ट्र' असं करत करत मुलाचं वाचन त्याच्या मनाच्या उंचीला यायला कित्येक वर्षं लागतात. तोवर त्या मनाला खायला कोण घालणार? ती वर्षं कानांची असतात. आपण वाचायचं आणि त्यानं ऐकायचं, याखेरीज मला तरी दुसरा रस्ता माहीत नाही.

१९८६ साली गॉफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी ही गोष्ट गणितासारखी मांडली. वाचन म्हणजे अक्षरं उलगडण्याची ताकद गुणिले भाषा ऐकून समजण्याची ताकद. बेरीज नव्हे, गुणाकार. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ बसून राहिलो होतो. गुणाकारात एक बाजू शून्य झाली की उत्तर शून्य. आजीची एक बाजू शून्य होती, माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांची दुसरी बाजू शून्याच्या जवळ आहे. आणि आपण सगळी मेहनत घेतो ती एकाच बाजूवर. २०२१ मध्ये लहान मुलांचा वाचनाचा आणि गणिताचा पाया पक्का करण्यासाठी केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान सुरू झालं. त्यात तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असं उद्दिष्ट आहे. उद्दिष्ट चांगलंच आहे. 'समजून' हा शब्दही त्यात आहे. पण मोबाईलवर वेळ लावून शब्द मोजता येतात, समजणं तसं मोजता येत नाही. मग हळूहळू सगळ्यांचं लक्ष जे मोजता येतं त्याच्यावर जातं. त्या मुलाला आजवर कुणी किती वाचून दाखवलं, हे विचारणारा रकाना मी अजून कुठल्याही तक्त्यात पाहिलेला नाही.

हे सगळं मी शाळेत बोलतो, पण माझ्या स्वतःच्या घरात माझी मोठी चूक झाली.

माझी लेक तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळेत जाते. ती दोन वर्षांची असल्यापासून मी तिला रोज झोपताना वाचून दाखवायचो. दुसरीत गेली तोवर तिला दोन्ही लिप्या वाचता यायला लागल्या. मला फार आनंद झाला. मी म्हणालो, "आता तुझं तू वाच, बेटा." थकून आलेला असायचो, कामंही वाढली होती. तिला येतंय तर तिनंच वाचलं पाहिजे, त्यातच तिचं भलं आहे, असं मला मनापासून वाटत होतं.

तीन वर्षांनी, ती पाचवीत असताना, दिवाळीआधी कपाट आवरायला काढलं. मागच्या रांगेत तिची जुनी पुस्तकं होती. त्यातल्या एका जाड पुस्तकात एसटीचं तिकीट घातलेलं होतं. शाई उडालेली, कडा पिवळ्या पडलेल्या. ८६ वं पान. मला ते पान लगेच आठवलं. माझंच तिकीट, मीच घातलेलं. ८७ वं पान आमच्या घरात आजवर कुणी वाचलंच नव्हतं.

तोवर ती वाचायची ते शाळेपुरतं. हुशार आहे, मार्क चांगले पडतात, पण पुस्तक हातात घेऊन बसलीय असं चित्र मला कित्येक महिन्यांत दिसलं नव्हतं. तिकीट दाखवून मी तिला विचारलं, "हे आपण का सोडलं गं?"

ती म्हणाली, "तुम्हीच बंद केलं ना पप्पा. मला वाचता यायला लागलं म्हणून."

मग जरा थांबून म्हणाली, "मला तेव्हा वाटायचं, उगाच शिकले."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बक्षीस म्हणून जे दिलं होतं, ते तिच्यापर्यंत शिक्षा म्हणून पोहोचलं होतं. वाचता आलं की बापाचा आवाज जातो, त्याच्या कुशीतली जागा जाते, दिवसाची ती पंधरा मिनिटं जातात. मग कुठल्या मुलाला वाचनाची गोडी लागेल? आणि त्या वयात तिला स्वतःला वाचता येत होतं ते किती? दोन ओळींची वाक्यं, मोठ्या चित्रांची पुस्तकं. माझ्या तोंडून ती समुद्र, जंगलं, राजवाडे ऐकत होती. तिथून एकदम खाली आणून मी तिला 'तुझं तू वाच' म्हणालो. मधलं कायतरी गेलं होतं, आणि 'थांब रं' म्हणणारी आजी तोवर राहिली नव्हती.

त्या रात्री ८७ व्या पानापासून मी पुन्हा वाचायला घेतलं. लेक भिंतीकडे तोंड करून पडलेली. अकरा वर्षांच्या मुलीला आता हे लहान मुलांचं वाटत असणार, असं मला वाटलं. ऐकतेय की झोपली ते कळत नव्हतं. आठवडाभर असंच गेलं. नवव्या दिवशी मला यायला उशीर झाला, मी न वाचताच दिवा मालवायला गेलो, तर भिंतीकडून आवाज आला, "एक तरी पान." पुढे महिन्याभरात एका सकाळी ते पुस्तक तिच्या दप्तरात सापडलं आणि एसटीचं तिकीट माझ्या पानाच्या पुढे चाळीस पानं सरकलेलं होतं. मी त्याबद्दल काहीच बोललो नाही. रात्री माझ्या पानापासून वाचलं, तिनंही मुकाट्यानं ऐकलं. आता ती सातवीत आहे, आमचं वाचन चालू आहे, आणि ती नको म्हणेपर्यंत ते चालू राहील.

म्हणून मी भेटेल त्या आईबापाला सांगतो, मूल वाचायला लागलं म्हणून वाचून दाखवणं थांबवू नका. बाळ चालायला लागलं म्हणून कुणी त्याला कडेवर घ्यायचं सोडत नाही. दूर जायचं असलं, घाट चढायचा असला की उचलून घेतोच. मराठीचा घाट तर अवघड. घरात आपण बोलतो ती भाषा वेगळी, पुस्तकात छापतात ती वेगळी. माझ्या वर्गातली मुलं 'व्हतं', 'आलतं', 'मपलं' म्हणतात. पुस्तक 'होतं', 'आलं होतं', 'माझं' म्हणतं. जे मूल ही छापील मराठी पहिल्यांदा पुस्तकातच बघतं, त्याला ती परक्या गावच्या पाहुण्यासारखी वाटते. तीच मराठी ओळखीच्या आवाजातून कानावर पडली की घरची होते. आणि इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलांचं तर मला जास्तच वाटतं. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना मराठी बोलता येतं, पण मराठी पुस्तक उघडलं की जोडाक्षरापाशी दम लागतो. त्यांच्यासाठी कान हा एकच दरवाजा उघडा आहे, आणि तो उघडा ठेवणं आईबापांच्याच हातात आहे.

शाळेत माझी वेळ ठरलेली आहे. खिचडी झाली, ताटं धुऊन झाली की वीस मिनिटं. मुलांनी कसंही बसावं. कुणी भिंतीला टेकतं, कुणी पालथं पडतं, एक मुलगी सारखी दोरीच्या गाठी मारत असते आणि तरी सगळ्यात जास्त तिच्याच लक्षात राहतं. आवाज काढून, हातवारे करून वाचलं पाहिजे असं नाही. मला ते जमतही नाही. सावकाश वाचतो, वाक्य संपलं की थांबतो. आणि गोष्ट संपल्यावर 'यातून आपण काय शिकलो' हा प्रश्न मी विचारत नाही. तो प्रश्न येणार हे कळलं की मुलं गोष्ट ऐकायचं सोडून उत्तर शोधायला लागतात. गुजरातचे शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातला शिक्षकही वर्गाला आधी गोष्टींनीच बांधून घेतो. गोष्ट ऐकायची म्हणून दंगेखोर पोरं गप्प बसतात, आणि पुढचं सगळं शिक्षण त्या ऐकण्यावर उभं राहतं. आमच्या शाळेला पुस्तकांसाठी पैसा कमीच असतो. पण १९७१ पासून बालभारती काढत असलेल्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक आता इंटरनेटवर फुकट वाचता येतात. नुसत्या त्यांच्यावर माझी दोन वर्षं निघाली.

मागच्या वर्षी 'श्यामची आई' घेतलं. ते पुस्तक मुळातच ऐकण्यासाठी घडवलेलं आहे. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्याला प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. रोज रात्री श्याम बोलतो आणि मित्र ऐकतात. अशा ४२ रात्री. आम्ही रोज दुपारी एक रात्र वाचायचो. अंघोळ झाल्यावर श्याम ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आईला तिचे ओचे खाली पसरायला सांगतो, तो प्रसंग आला. मी 'ओचे' म्हणालो आणि थांबलो. तेवीस चेहरे, एकालाही शब्द माहीत नाही. दोरीच्या गाठी मारणारी ती मुलगी म्हणाली, "सर, म्हंजी वटा का?"

"वटा कसला गं?"

ती उठली, ओढणी कमरेला बांधली, पुढचा भाग वर उचलून खोचला आणि झोळ करून दाखवला. "माझी आज्जी कापूस येचायला जाते, तवा आसं करती. त्याच्यात कापूस टाकती."

ओचा आणि वटा अगदी एक नव्हेत, पण शेजारशेजारचे आहेत. मी नऊवारीच्या निऱ्या फळ्यावर काढून फरक दाखवला. मग वर्गात पाच मिनिटं नुसत्या आज्या. कुणाची आजी वट्यात शेंगा आणते, कुणाची कोंबडीची पिल्लं. मग पुन्हा पुस्तकाकडे वळलो तेव्हा कोकणातली ती शंभर वर्षांपूर्वीची आई कुणालाच परकी राहिली नव्हती. तिच्या ओच्यावर श्यामनं ओले पाय ठेवले तेव्हा वर्गात कुणी हाललंसुद्धा नाही. देवळात वाचणाऱ्याच्या शेजारी अर्थ सांगणारा का बसायचा, ते मला त्या दुपारी नीट कळलं. तेच मूल ते पान एकटं वाचत असतं तर 'ओचे' या शब्दावरून तसंच पुढे गेलं असतं.

आमच्याकडे दसरा झाला की वस्ती रिकामी व्हायला लागते. ऊसतोडीला टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, शेळ्या आणि पोरं. काही मुलं हंगामी वसतिगृहाच्या आधारानं आजीआजोबांजवळ मागे राहतात, बाकीची जातात ती गाळप संपल्यावरच परततात. या वर्षी आम्ही समुद्रातल्या बेटावर अडकलेल्या पाच माणसांची लांब कादंबरी वाचत होतो. अर्धी झाली होती. चौथीतला एक मुलगा जायच्या आदल्या दिवशी दप्तर ठेवायला आला आणि दारातच उभा राहिला.

"सर, त्या मान्सांचं पुढं काय व्हतंय?"

मी सांगायला लागलो तर म्हणाला, "आसं नगं. वाचून."

त्याच्या वडिलांचा नंबर माझ्याकडे होता. शाळा सुटल्यावर मी खोलीत एकटा बसलो, पुढचा भाग मोबाईलवर वाचून रेकॉर्ड केला आणि व्हॉट्सॲपवर पाठवला. रोज एक. चार दिवस काहीच उत्तर नाही. ऐकलं की नाही तेही समजेना. तोडीला पहाटे जायचं, रात्री-अपरात्री गाडी भरायला उठायचं, त्यात फोन कधी चार्ज होणार आणि रेंज कुठे मिळणार? तरी मी पाठवत राहिलो.

पाचव्या दिवशी रात्री त्या नंबरवरून आवाजातलंच उत्तर आलं. मागे जाळ फुटल्याचा तडतड आवाज, कुत्रं भुंकतंय, लांबून ट्रॅक्टर. आधी मुलगा बोलला. "सर, त्यांला पानी घावलं ते लई भारी झालं. हितं शेजारच्या कोपीतले बी येतेत ऐकायला. आज नऊ जन व्हते." मग जरा फोनची ओढाओढ, आणि त्याच्या आईचा आवाज. मला वाटलं, काही अडचण असेल.

"गुर्जी, कालचं लई लवकर सपलं की. माझ्या भाकरी व्हायच्यात आजून. भाकरी होस्तवर पुरंल येवढं धाडत जावा."

दुसऱ्या दिवशी मी सव्वीस मिनिटं वाचलं.